एक कथा, एक विनोदी लेख आणि एक व्यंगचित्र : दिवाळी अंकातल्या कात्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय आहे. ते दरवर्षी दिवाळी अंक काढते. खाली लिहिलेले प्रकरण त्या अंकाच्या एका वर्षाचे. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. मी त्या वर्षी सल्लागार मंडळावर होतो. म्हणजे बैठकीला बसायचे, विचारले तर मत द्यायचे. मतदानाचा अधिकार नाही.

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली. मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या अंकांची चर्चा पुष्कळ होते, पण या गावासारख्या ठिकाणचे अंक निघतात ते वेगळ्याच हिशेबावर. वाचनालयाच्या सभासदांना अंक वर्गणीतच मिळतो. कागद आणि छपाईचा खर्च जाहिरातींतून निघतो: सराफ, पतसंस्था, दवाखाने, क्लासेस, एखाद्या साखर कारखान्याच्या पानभर शुभेच्छा. लेखकाला मानधन जवळपास नसतेच, अंकाच्या दोन प्रती आणि आभाराचे पत्र. अंक घरी जातो आणि घरातले सगळे तो वाचतात. कथा, पाककृती, राशिभविष्य, बालविभाग हे सारे एकाच बांधणीत. पुढच्या वादात हीच बांधणी महत्त्वाची ठरली.

निर्णय घेणारे चौघे. संपादक म्हणजे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. अध्यक्ष अण्णा, बँकेतून निवृत्त, माळकरी, वारी न चुकवणारे. त्यांचे वाचन भरपूर. ‘जुन्या वळणाचे’ म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्यांना त्यांच्या वाचनाची कल्पना नसते. तिसरा तरुण सहसंपादक, पुण्यात शिकून परत आलेला. चौथे कार्यवाह, जाहिराती आणणारे. बैठकीत ते सहसा बोलत नाहीत.

प्रश्न उभा कसा राहिला

सुरुवात छापखान्यातून झाली. मुद्रिते चाळताना छापखान्याच्या मालकांनी कार्यवाहांना फोन केला, “साहेब, पान अमुक एकदा बघून घ्या. नंतर माझ्याकडे बोट नको.” छापखानेवाल्याची ही सावधगिरी उगाच नव्हती. छापील मजकुरावर खटला झाला तर लेखक आणि प्रकाशकाच्या रांगेत मुद्रकही उभा राहतो.

पान होते एका कथेचे. लेखिका चाळिशीतली, याच तालुक्यातली. कथेतली बाई विधवा, शेतात राबणारी, घरात दोन मोठी मुले. तिचे गावातल्या एका विधुराशी जुळते. अर्ध्या पानाचा शय्येचा प्रसंग आहे, मोकळ्या पण भडक नसलेल्या भाषेत. त्या प्रसंगात ती बाई सवयीने एका परिचित अभंगाची ओळ गुणगुणते.

अण्णांनी कथा वाचली आणि बैठक बोलवायला सांगितले. बैठकीआधी सहसंपादकाने दुसरा मुद्दा टेबलावर ठेवला. अंकात एका ज्येष्ठ, लोकप्रिय लेखकाचा विनोदी लेख होता. गेली कित्येक वर्षे लोक अंक हातात आला की आधी त्यांचेच पान उघडत. या वेळचा लेख महिला बचत गटाच्या बैठकीवर होता. त्यातल्या एका बाईच्या रंगाची, अंगाची आणि बोलण्याच्या लकबीची टिंगल होती आणि तिला दिलेल्या टोपणनावावरून तिची जात सरळ कळत होती. सहसंपादकाचे म्हणणे, “हे छापायचं नाही. हा विनोद नाही, जुन्या गावकुसाचा माज आहे.”

म्हणजे कात्री दोघांच्याही हातात होती, फक्त वेगवेगळ्या पानांवर. बाहेर आपण हा वाद नेहमी एका साच्यात ऐकतो: परंपरावादी बंदी मागतात, पुरोगामी मोकळीक मागतात. या टेबलावर तो साचा पहिल्या दहा मिनिटांत मोडला.

तिसरी गोष्ट होती एक व्यंगचित्र. गावातल्या सहकारी पुढाऱ्यावर, नाव न घेता, पण मिशी आणि टोपीवरून ओळखू येईल असे. त्याबद्दल नंतर.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

बैठकीतला संवाद जसा आठवतो तसा देतो, कारण दोन्ही भूमिकांचा कस त्यातच दिसतो.

अण्णा म्हणाले, “बाई, कथा वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पण हा अंक माझ्या सुनेच्या हातात जातो आणि तिच्यानंतर नातीच्या.”

बाई म्हणाल्या, “अण्णा, नातीच्या हातात मोबाईल आहे. त्यावर काय नाही?”

“मोबाईलवर माझं नाव नाही. या अंकावर आहे.”

अण्णांचे हे उत्तर मला त्या दिवशी सगळ्यात वजनदार वाटले. उदारमतवादी बाजू बहुतेक वेळा परिणामांबद्दल बोलते: मुलांनी हे कुठेतरी पाहिलेच आहे, मग लपवून काय साधणार? परंपरावादी बाजूचा खरा मुद्दा परिणामांचा नसतो, तो जबाबदारीचा असतो. जगात काय चालते ते चालो, या संस्थेने आपल्या शिक्क्यानिशी घरात काय पाठवायचे? हा प्रश्न ‘लोक मागासलेले आहेत’ म्हणून उडवून लावता येत नाही.

सहसंपादकाने र. धों. कर्वे काढले. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि 1934 सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, याची आठवण करून दिली. अण्णांना हे ठाऊक होते. ते म्हणाले, “कर्व्यांनी मासिक पदरमोड करून चालवलं. वाचायचं त्यानं घेतलं. आपला अंक वर्गणीत जातो, मागितला नसला तरी.” सहसंपादक थोडा वेळ गप्प झाला. मुद्दा बिनतोड नव्हता, कारण वर्गणीतल्या अंकाने फक्त सर्वांना चालेल तेच छापायचे ठरवले तर राशिभविष्याखेरीज काय उरणार? तरी ऐच्छिक खरेदी आणि घरपोच येणारा अंक यांत फरक आहे हे मान्य करायला हवे होते आणि ते त्या क्षणी कोणी केले नाही.

मग विनोदी लेखाची पाळी आली, तेव्हा बाजू उलटल्या. सहसंपादक म्हणाला, “लेख नाकारणं म्हणजे सेन्सॉरशिप नाही, ते संपादन आहे.” अण्णा लगेच, “मग मीही संपादनच करतोय.”

फरक होता, पण तो सांगायला कोणाला जमले नाही. सहसंपादकाच्या आक्षेपामागे एक ठरावीक माणूस होता: बचत गटातली ती बाई आणि तिच्यासारख्या, ज्या हा अंक वाचतील किंवा ज्यांना कोणी तरी तो वाचून दाखवेल. अण्णांच्या आक्षेपामागे कोणी एक दुखावलेली व्यक्ती नव्हती, एक मर्यादा होती. पहिल्यात इजा कोणाला हे दाखवता येते, दुसऱ्यात ते कठीण जाते. म्हणून दुसरा आक्षेप खोटा ठरत नाही, पण त्यावर कात्री चालवायची तर कारण अधिक भक्कम लागते. माझे मत मी असे मांडले. ते फार कोणाला पटले असे नाही.

कायद्याची भीती

“पोलीस केस होईल,” हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीत येते आणि आले की चर्चा संपते. इथे एक चांगली गोष्ट घडली. बाईंनी गावातल्या एका वकिलांना दुसऱ्या दिवशी बोलावले आणि दोन्ही मजकूर त्यांच्यापुढे ठेवले.

वकिलांनी आधी कथेचे सांगितले. अश्लील मजकुराचे जुने 292 कलम आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 294 झाले आहे. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साहित्य आणि कलेच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे. मग त्यांनी अण्णांच्या नातीकडे मोर्चा वळवला. मजकूर ज्याच्या हाती पडेल त्यातल्या कोवळ्या मनावर काय परिणाम होईल, ही कसोटी 1868 सालच्या एका इंग्रजी निकालातून आली. आपल्याकडे ती बरीच वर्षे चालली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ती बाजूला ठेवून समकालीन समाजाचे मापदंड आणि मजकुराचा एकूण रोख पाहायला सांगितले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, एका मराठी दिवाळी अंकाच्याच प्रकरणात, न्यायालयाने कान टोचले होते. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली लेखक सुटले. कामजीवनाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना वर्ज्य ठरवायची, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, अशा अर्थाचे त्या निकालात म्हटले आहे.

अण्णा हसले. म्हणाले, “मला चालेल.”

धार्मिक भावनांचे कलम अभंगाच्या ओळीला लागू होईल का? वकिलांच्या मते नाही. त्यासाठी भावना दुखावण्याचा जाणूनबुजून, दुष्ट हेतू दिसावा लागतो आणि खटला न्यायालयाने दाखल करून घ्यायला सरकारची मंजुरीही लागते. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. वसंत गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे प्रकरण त्यांनी सांगितले. 1994 साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात, म्हणजे खासगी वितरणाच्या अंकात, छापून आली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2015 साली. अंकातून माफी मागितल्यामुळे प्रकाशक-मुद्रक सुटले, कवीला मात्र खटल्याला सामोरे जायला सांगितले. निकाल काय लागतो यापेक्षा तो लागेपर्यंत किती वर्षे जातात आणि शेवटी एकटा कोण उरतो, हे यात पाहायचे.

आणि मग त्यांनी विनोदी लेख उचलला. “खरी जोखीम याच्यात आहे,” म्हणाले. जात ओळखू येईल असे टोपणनाव आणि त्याभोवती हेटाळणी, यावर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार व्हायला जागा आहे. ती टिकेल की नाही हा पुढचा भाग. अण्णांना हे अनपेक्षित होते. गेली अनेक वर्षे त्या लेखकाच्या लेखांना तेच सर्वांत आधी दाद देत आले होते.

पुढ्यातले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता आणि म्हणूनच धोक्याचा. कार्यवाहांनी तोंड उघडले ते याचसाठी: “तुमची कथा काढा, आमचा लेख काढा, मिटलं.” संस्थांमध्ये निम्मे वाद असेच मिटतात. पण अशा अदलाबदलीत दोन्ही मजकूर निघतात आणि एकाही निर्णयाला कारण उरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त पाने वेगळी. बाईंनी ठाम नकार दिला.

दुसरा पर्याय, दोन्ही जसेच्या तसे छापणे. तत्त्व म्हणून हा स्वच्छ आहे. पण संपादक नावाचा माणूस मग कशाला, हा प्रश्न उरतोच. तिसरा, कथेवर ‘प्रौढ वाचकांसाठी’ अशी सूचना टाकणे. चित्रपटांच्या प्रमाणपत्रात 2023 च्या दुरुस्तीपासून 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या आहेत, त्याच धर्तीवर. चौथा, लेखकांशी बोलून नेमक्या जागा बदलून घेणे. पाचवा बाईंचा: बालविभाग अंकातून काढून त्याची वेगळी पुस्तिका करणे.

निवड करण्याआधी बाईंनी एक युक्ती केली. दोन्ही मजकुरांच्या प्रती काढल्या, प्रत्येकाला पेन्सिल दिली आणि सांगितले की नेमक्या ज्या ओळी खटकतात त्यांखाली रेघ ओढा. “वातावरण खराब आहे” असे चालणार नाही, ओळ दाखवा. कार्यवाहांनी कथा वाचलेलीच नव्हती हे तिथे उघड झाले. अण्णांनी रेघ ओढली ती चार ओळींखाली आणि त्या चारही ओळी अभंगाच्या आजूबाजूच्या होत्या. शय्येच्या बाकी प्रसंगाखाली पेन्सिल गेलीच नाही. “हे असतं माणसांत,” एवढेच म्हणाले. दोन दिवस ज्या मुद्द्यावर सगळे भांडत होते, तो अण्णांचा मुद्दा नव्हता. त्यांना सलत होता तो अभंग, आणि हे त्यांना स्वतःलाही पेन्सिल हातात आल्यावरच नीट कळले असावे.

काय केले

लेखिकेला बाईंनी घरी बोलावले. अभंगाबद्दल विचारले. तिचे उत्तर असे होते की त्या बाईला दुसरे गाणेच येत नाही. जात्यावर, बांधावर, दुःखात, सुखात तिच्या तोंडी तेच येते. ओळ काढायला तिने नकार दिला. सूचनेचा शिक्काही नको म्हणाली, “तो मारायचा असेल तर कथा परत द्या.” बाईंनी कथा आहे तशी ठेवायची ठरवले आणि समितीने तीन विरुद्ध एक मताने ते मान्य केले. कार्यवाहांनी कोणत्या बाजूने मत दिले हे सांगितले तर आश्चर्य वाटेल: बाईंच्या. जाहिरातदारांपैकी कोणी कथा वाचत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

बालविभागाची सोळा पानांची वेगळी पुस्तिका झाली, सेंटर पिन मारून अंकात सरकवलेली. खर्च थोडा वाढला. आणि अण्णांना अंकात एक पान दिले. त्यांनी सहीनिशी लिहिले की ही कथा छापण्याला माझा विरोध होता, तो का होता, आणि तरीही अध्यक्ष म्हणून बहुमत मला मान्य आहे. माझ्या मते त्या अंकातले ते सर्वांत चांगले गद्य होते.

विनोदी लेखकांना सहसंपादकाने फोन केला. टोपणनाव आणि रंगाचे दोन विनोद बदलायला सांगितले. फोनवर आवाज चढले. लेखकांनी लेख मागे घेतला, फेसबुकवर जसाच्या तसा टाकला आणि वर लिहिले की आता सेन्सॉरवाले पुरोगाम्यांत निघाले आहेत. शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्यंगचित्राचे असे झाले. पाने लावताना कार्यवाह म्हणाले, “हे या वर्षी राहू द्या. पतसंस्थेची जाहिरात आहे.” पतसंस्था त्याच पुढाऱ्याची. अण्णा म्हणाले, “बरं.” सहसंपादक म्हणाला, “जागाही कमीच पडतेय.” बाईंनी मान हलवली. पुढचे पान. कोणी वकील बोलावला नाही, पेन्सिल काढली नाही, कर्व्यांची आठवण केली नाही. व्यंगचित्रकाराला कोणी कळवलेही नाही.

निष्पत्ती

अंक वेळेवर निघाला. मोर्चा आला नाही, पोलीस आले नाहीत. काही सभासदांनी अंक परत आणून दिला, एकाने वर्गणी बंद केली. पत्रे आली ती बहुतेक अण्णांच्या पानावर. कोणी त्यांच्या बाजूने लिहिले, कोणी विरुद्ध, पण लिहिणाऱ्यांनी कथा वाचलेली होती हे पत्रांतून कळत होते. लेखिकेला अण्णांचे पान छापून आल्यावरच दिसले. आपल्या कथेविरुद्धचा मजकूर त्याच अंकात येणार आहे हे तिला आधी सांगितले नव्हते याचा तिला राग आला, आणि तो रास्त होता. पुढच्या वर्षी तिने कथा दिली, पण पत्रात अट घालून.

विनोदी लेखक परत आले नाहीत. अंकाचे वाचक त्यांच्यामुळे किती होते याचा हिशेब कोणी मांडला नाही. व्यंगचित्रकारानेही पुढच्या वर्षी काही पाठवले नाही. त्याची दखल मी विचारल्यावर घेतली गेली.

वेगळे काय करता आले असते

वेळेपासून सुरुवात करतो. आक्षेप मुद्रितांच्या टप्प्यावर आला, तेव्हा छपाईची तारीख डोक्यावर होती. कथा हातात आली त्याच आठवड्यात चौघांनी वाचली असती तर लेखिकेशी बोलणे घाईत झाले नसते. वादग्रस्त वाटेल असा मजकूर सगळ्यांनी आधी वाचायचा, आणि ज्याने वाचला नाही त्याने मत द्यायचे नाही, एवढा नियम पुरला असता.

दुसरी गोष्ट वागणुकीतल्या फरकाची. लेखिकेला घरी चहा आणि कारणे मिळाली, ज्येष्ठ लेखकाला फोनवर उपदेश मिळाला. सहसंपादकाचा आक्षेप माझ्या मते बरोबर होता, तरीही ‘आमच्यावर सेन्सॉर लादला’ या लेखकाच्या तक्रारीला त्या फोनने आयते बळ दिले. बाईंनी स्वतः जाऊन, त्याच पेन्सिलीच्या रेघा दाखवून विचारले असते तर कदाचित ते बदलायला तयार झाले असते, कदाचित नसते. बचत गटातल्या दोन बायकांना लेख वाचायला द्यावा असेही कोणाला सुचले नाही. त्यांच्या वतीने बोलणारे सगळे टेबलाभोवती होते, त्या नव्हत्या.

अण्णांचे पान हा मार्ग पुन्हा वापरण्याजोगा आहे. विरोध असणाऱ्याला कात्रीऐवजी जागा द्यायची. मात्र ते पान आधी लेखकाला दाखवायला हवे आणि त्याला हवे असेल तर पुढच्या अंकात उत्तराची हमी हवी.

व्यंगचित्राबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचे आहे आणि सांगण्यासारखे सगळ्यांत कमी आहे, कारण तिथे चर्चा झालीच नाही. अण्णांना मर्यादेची काळजी होती, सहसंपादकाला दुर्बलांची, बाईंना साहित्याची. पुढाऱ्याच्या मिशीची काळजी कोणाच्याच तत्त्वात बसत नव्हती, म्हणून तिच्यावर भांडणही झाले नाही. निदान नकाराचे कारण नोंदवहीत लिहायला हवे होते: ‘जाहिरातीमुळे वगळले’. लिहायची वेळ आली असती तर चौघांपैकी एकाचा तरी हात अडखळला असता असे मला वाटते.

पुढच्या वर्षी वाचनालयाने एका पानाचे संपादकीय धोरण तयार केले. मजकूर कोणी, केव्हा वाचायचा. आक्षेप ओळीनिशी लेखी द्यायचा. लेखकाला विचारल्याशिवाय बदल नाही. नाकारल्यास कारण कळवायचे. बालविभाग स्वतंत्र पुस्तिकेत. हे सगळे मंजूर झाले. जाहिरातदाराच्या हितसंबंधावरून मजकूर वगळायचा नाही, असे एक कलम बाईंनी सुचवले होते. कार्यवाहांनी विचारले, “मग छपाईचे पैसे कोण देणार?” त्या कलमापुढे इतिवृत्तात ‘विचाराधीन’ असे लिहिले आहे.